डेपोला कुलूप लागते तेव्हा

(वाहतूक क्षेत्रातील कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गिरणी बंद पडली की तिची चिमणी मागे उरते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत जो गिरणी संप सुरू झाला, त्याच्या परिणामांवर नाटके झाली, कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, मोर्चे निघाले. आजही गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न विधिमंडळात निघतो. मालवाहतुकीच्या डेपोला चिमणी नसते आणि भोंगाही नसतो. पत्र्याची लांबट शेड, समोर ट्रक वळवण्यापुरते पटांगण, एका कोपऱ्यात बुकिंगची खिडकी आणि दाराशी चहाची टपरी. एखाद्या सोमवारी त्या फाटकाला कुलूप दिसते. आठ दिवस लोक विचारतात, पंधराव्या दिवशी विसरतात. या कुलपामागे किती माणसे बेकार झाली याची नोंद ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. आजचा माझा विषय हाच आहे.

प्रथम हे डेपो उभे का राहिले ते पाहू, कारण त्यातच ते बंद का झाले याचेही उत्तर आहे. आपल्यापैकी अनेकांचा समज असा की जेथे माल फार तेथे डेपो. हे अर्धेच खरे. दुसरा अर्धा भाग कराचा आहे. २०१७ पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागे. हा कर ४ टक्के होता, २००७ साली ३ आणि जून २००८ पासून २ टक्के झाला. तो भरणाऱ्या खरेदीदाराला त्याची वजावट मिळत नसे. म्हणजे तो थेट किमतीत मिसळे. मात्र कंपनीने आपलाच माल आपल्याच दुसऱ्या राज्यातील डेपोत पाठवला, तर ती विक्री ठरत नसे. ‘एफ’ फॉर्म जोडला की काम झाले. मग साबण असो, रंग असो की औषधे, प्रत्येक कंपनीला प्रत्येक राज्यात एक तरी डेपो ठेवणे भाग पडले. गोव्यासारख्या लहान राज्यासाठीही वेगळा डेपो, वेगळा हिशेबनीस, वेगळी हमालांची टोळी. माल कोल्हापुरातून अर्ध्या दिवसात पोहोचला असता. पण कोल्हापूर दुसऱ्या राज्यात होते!

जकातीची तीच कथा. भिवंडी परिसरातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामांचे एवढे मोठे जाळे का पसरले? मुंबई महापालिकेची जकात हद्दीत शिरताना भरावी लागे, म्हणून माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा व्यवहार होता. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर लागू झाला त्या दिवशी, संपली.

या कराचे स्वागत करणाऱ्यांपैकी मी एक होतो आणि आजही आहे. जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा, चालकाच्या खिशातून निघणारे वरचे पैसे, राज्याराज्यांच्या सीमांवर जणू परक्या देशात शिरावे असा व्यवहार, हे सारे एका राष्ट्राला शोभणारे नव्हते. कर लागू झाल्यावर अवघ्या तीन दिवसांत २२ राज्यांनी आपले तपासणी नाके उठवल्याचे सरकारने जाहीर केले होते. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आले. शाखेतून शाखेत गेलेल्या मालावरील कराची वजावट मिळू लागली. राज्यागणिक डेपो ठेवण्याचे कारण एका रात्रीत नाहीसे झाले.

कंपन्यांनी मग हिशेब मांडला, आणि तो व्यापारी बुद्धीला धरूनच होता. चार-पाच लहान डेपोंऐवजी एकच मोठे गोदाम, महामार्गालगत, उंच छपराचे, संगणकावर चालणारे. भिवंडी करापोटी जन्मली खरी, पण बंदर आणि मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने ती कर गेल्यावरही वाढली. ज्या डेपोंना कराखेरीज दुसरा आधार नव्हता, ते मात्र मिटले. म्हणजे देशाचे भले झाले हे खरे, आणि त्या भल्याची किंमत एका लहानशा, विखुरलेल्या, संघटना नसलेल्या वर्गाने मोजली हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट अभिमानाने सांगताना दुसरी झाकून ठेवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे आपल्या भूमीवर प्रथमच घडते आहे असे नाही. आगगाडी येण्यापूर्वी दख्खनचा माल कोण वाहत होते? लमाणांचे तांडे. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन ते घाट चढत-उतरत. व्यापाऱ्याचा माल ठरीव रकमेत पोहोचवण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. हा शब्द आता बहुतेकांना आडनाव म्हणूनच ठाऊक आहे. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रेल्वे वर चढली आणि बैलांच्या पाठीवरची वाहतूक हळूहळू बुडाली. रेल्वेने देश जोडला, यात वाद नाही. पण ज्यांचा व्यवसाय गेला त्यांचे पुढे काय झाले? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याच्या याद्यांमध्ये भटक्या वाहतूकदारांतील काही गटही अडकले. कालचा मालवाहू आज संशयित! तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. बेकार झालेल्या माणसाची जबाबदारी समाजाने घेतली नाही तर पुढे समाज त्याच्याकडेच बोट दाखवू लागतो, हे मी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या इतिहासातून अधिक शिकलो.

आता डेपोत कोण कोण असते ते पाहू. पगारपत्रकावर व्यवस्थापक, बुकिंग कारकून, हिशेबनीस, गोदामपाल, पहारेकरी आणि असलेच तर काही चालक. एवढेच. बाकीचे? माल चढवणारे-उतरवणारे हमाल, ट्रकबरोबरचा क्लीनर, बिल्टी घेऊन बाजारपेठेत फिरणारा पोऱ्या, गावात माल पोहोचवणारा छोट्या टेम्पोचा मालक-चालक. २००५ नंतर बाजारात आलेले ते छोटे टेम्पो अनेक तरुणांनी कर्ज काढून घेतले, ते एखाद्या डेपोच्या भरवशावर. शिवाय ताडपत्री शिवणारा, पंक्चर काढणारा, खानावळवाली मावशी. डेपो बंद झाल्याची बातमी वृत्तपत्रात आलीच तर त्यात पगारपत्रकावरचा आकडा येतो. कुलूप मात्र सर्वांच्याच पोटाला लागलेले असते.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दाखवलेली एक वाट आहे. कै. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारपेठांतील माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे ओझे वाहणाऱ्या माणसाचा मालक कोण, हा प्रश्न त्या कायद्याने मोठ्या कल्पकतेने सोडवला. कामगारही मंडळाकडे नोंदवायचा आणि मालकही. मजुरी मंडळात जमा होणार, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार. ज्याच्या डोक्यावर पोते आहे त्यालाही भविष्यनिर्वाह निधी असतो, हे ऐकून परप्रांतातील कार्यकर्ते आजही आश्चर्य करतात.

पण कुलूप लागते तेव्हा याची मर्यादा कळते. नोंदणीकृत माथाडीची नोकरी कागदावर जात नाही, कारण तो मंडळाचा. गेलेले असते ते काम. टोळी ज्या डेपोशी जोडलेली असते तो मिटला की दुसऱ्या ठिकाणी आधीच दुसरी टोळी असते. ती आपल्या ताटातला घास सहजी कशी देईल? आणि ज्यांची नोंदणीच झालेली नाही त्यांच्या तर कोणत्याच वहीत ओळ नाही. येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. माथाडीचे नाव पुढे करून, डोक्यावर कधी ओझे न घेतलेल्यांनी कारखानदारांकडून पैसे उकळण्याच्या तक्रारी राज्यात झाल्या आणि खऱ्या माथाडीचा कायदाच बदनाम झाला. आपल्या परिचयात असे कोणी असेल तर त्याला पाठीशी घालू नये.

कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. बंदीला सरकारची पूर्वपरवानगी लागते, असा आपल्या अनेक कार्यकर्त्यांचा समज असतो. ती अट कारखाना, खाण आणि मळा यांनाच आहे; तीही पूर्वी १०० कामगारांपासून होती, ती आता ३०० पासून आहे. मालवाहतुकीचा डेपो या तिन्हींत बसत नाही. त्याला लागू आहे ती ६० दिवसांच्या नोटिशीची तरतूद, आणि तीही ५० किंवा अधिक कामगार असतील तरच. पगारपत्रकावर चाळीस माणसे आणि कंत्राटदाराच्या नावावर साठ, अशी रचना का केलेली असते, हे आता वेगळे सांगायला नको. हजेरीच्या वह्या, प्रवेशपत्रे, कंत्राटदाराच्या पावत्या यांवरून खरी संख्या सिद्ध करणे हे म्हणूनच पहिले काम ठरते.

भरपाईचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असावा. समजा, एका बुकिंग कारकुनाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आहेत आणि नोकरी १४ वर्षांची. सेवेच्या दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी वेतनाप्रमाणे बंदीची भरपाई १,२६,००० रुपये होते. उपदान वेगळे, त्यात महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून ते सुमारे १,४५,००० रुपये. दोन्ही मिळून पंधरा महिन्यांचा पगार. पंचेचाळिशीतल्या, मुलगी बारावीला असलेल्या, घराचा हप्ता चालू असलेल्या गृहस्थाला हे पंधरा महिने म्हणजे बुडताना मिळालेली फळी आहे. टाळता न येण्याजोग्या कारणास्तव बंदी झाली असे मालकाने दाखवले तर भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित होऊ शकते. पण केवळ आर्थिक अडचण किंवा साठून राहिलेला माल हे तसे कारण धरले जात नाही. ही ओळ मालकाचा वकील आपण होऊन वाचून दाखवणार नाही.

आणि ही फळी हातातून निसटते ती बहुधा एका सहीमुळे. बंदीच्या आधी दोन-तीन महिने बदलीचे आदेश निघतात. सोलापूरच्या माणसाला गुवाहाटी, नाशिकच्या माणसाला विशाखापट्टणम. “जमत नसेल तर राजीनामा द्या, महिन्याचा पगार जास्त देतो,” असे गोड बोलून छापील राजीनाम्यावर सही घेतली जाते. सही झाली की ती बंदी उरत नाही, ‘स्वेच्छेने सोडलेली नोकरी’ होते आणि लाखाच्या वर असलेली भरपाई वीस-पंचवीस हजारांत मिटते. वाहतूक कामगारांमध्ये काम करताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता बदलीची पत्रे निघाली, हे ऐकताच मी त्या डेपोचे नाव बंद होणाऱ्यांच्या यादीत लिहून ठेवतो. इतरही चिन्हे असतात: जागेचा भाडेकरार वाढवला जात नाही, जुन्या वह्या मुख्य कार्यालयात हलतात, दुरुस्तीला गेलेली गाडी परत येत नाही. हमाल ही चिन्हे कारकुनाच्या आधी ओळखतो. त्याला विचारत जा.

नोटीस नीट मिळाली, संघटना बलाढ्य असली तर सारे सुरळीत होते का? येथे मी आपल्याला थोडे दूर, अमेरिकेत नेतो. तेथे ‘यलो’ नावाची मालवाहतूक कंपनी होती. १९२४ साली ओक्लाहोमात सुरू झालेली. अनेक ग्राहकांचा फुटकळ माल एका ट्रकमध्ये भरून पोहोचवण्याच्या धंद्यात देशात तिसरी. आपल्याकडच्या पार्सल डेपोंसारखीच तीनशेहून अधिक ठाणी. ३० जुलै २०२३ रोजी तिने काम थांबवले आणि ६ ऑगस्टला दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे ३० हजार नोकऱ्या गेल्या. त्यांपैकी २२ हजार माणसे ‘टीमस्टर्स’ या अमेरिकेतील अतिशय ताकदवान युनियनची सभासद होती.

त्या देशात १९८८ पासून मोठ्या मालकांना ६० दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक करणारा कायदा आहे. तरीही कामगारांना कळले ते काही दिवस, काही तास आधी. नोटिशीचा वाद पुढे न्यायालयात वर्षाहून अधिक काळ रेंगाळला. जुलै महिन्यात कंपनीने कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतन निधीत भरायचे सुमारे ५ कोटी डॉलर थकवले, युनियनने संपाचा इशारा दिला, आणि संप प्रत्यक्षात न होताही घाबरलेले ग्राहक आपला माल दुसऱ्यांकडे घेऊन गेले. मालक म्हणाला युनियनमुळे कंपनी बुडाली, युनियन म्हणाली व्यवस्थापनामुळे. २०२० साली महामारीच्या काळात तेथील सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण दाखवून या कंपनीला ७० कोटी डॉलर कर्ज दिले होते आणि बदल्यात जवळजवळ ३० टक्के समभाग घेतले होते. तरीही ती वाचली नाही.

यातील सर्वात बोलका भाग पुढे आहे. डिसेंबर २०२३ पर्यंत तिची सुमारे १३० ठाणी लिलावात १८८ कोटी डॉलरला गेली. सरकारचे कर्जही व्याजासह फिटले. म्हणजे जो धंदा चालवणे परवडत नव्हते, त्याची जमीन एवढी मोलाची होती. ठाणी दुसऱ्या वाहतूक कंपन्यांनीच घेतली, त्यामुळे ट्रक पुन्हा तेथे उभे राहिले. पण जुन्या कामगाराची तेथील ज्येष्ठता, रजा, निवृत्तिवेतनाची साखळी मात्र तुटली ती तुटलीच.

आपल्या शहरांतील जुने डेपो आठवा. बांधले तेव्हा ते वेशीबाहेर, नाक्याच्या पलीकडे होते. शहर वाढत वाढत त्यांच्या चहूबाजूंनी गेले. आज त्या पत्र्याच्या शेडखालच्या जमिनीचा भाव शेडमधल्या उलाढालीहून अधिक आहे. डेपो तोट्यात आहे असे सांगितले जाईल तेव्हा सात-बाराचा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढून पाहावी. तोट्याचे खरे कारण कधी कधी तेथे सापडते. कंपनी दिवाळखोरीत गेली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार विसर्जनात कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, आणि तीही त्यांच्या खाली. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान निधीची रक्कम विसर्जनाच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. पण दावा दाखल केला तर! मुदत उलटल्यावर आलेल्या कामगाराची समजूत घालणे हे या कामातील सर्वात क्लेशदायक काम आहे.

घराबद्दल दोन शब्द बोलतो, कारण समोर भगिनीही आहेत. डेपो बंद झाल्यावरही रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारे, बागेत किंवा देवळाच्या पायरीवर बसून संध्याकाळी परतणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. पत्नीला महिनाभर ठाऊक नसते. त्या महिन्यात सही होते, सावकाराचे पैसे येतात, विम्याचा हप्ता चुकतो. अशा घरी आपली भगिनी जाते तेव्हा जी माहिती बाहेर येते ती पुरुष कार्यकर्त्याला सहा बैठकांत मिळत नाही. कर्मचारी राज्य विमा असलेल्याला ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’तून सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकते, आयुष्यात एकदा. २०१८ पासून या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, तेव्हा अर्जापूर्वी ती तपासावी. नव्या संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: मालकाने १५ दिवसांचे वेतन जमा करायचे आणि ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात यायचे. आपल्या उदाहरणातील कारकुनाएवढे वेतन असलेल्या, छाटणी झालेल्या कामगाराला ते ९,००० रुपये होतील. एवढ्यात कोणते नवे कौशल्य शिकून होते, हा प्रश्न मी सभागृहावर सोडतो.

तरुण चालकाचे प्रश्न तुलनेने सोपे आहेत. अवजड वाहनाचा परवाना चालू असला तर त्याला काम मिळते. सत्तेचाळीस वर्षांच्या, मणक्याचे दुखणे असलेल्या हमालाला भिवंडीचे गोदाम घेत नाही. तेथे हातात स्कॅनर धरणारी, बारा-बारा तास उभी राहणारी पंचविशीतली मुले लागतात, तीही कंत्राटावर. आपल्या दाराशी दुसऱ्याच दिवशी येणारे ते खोके याच व्यवस्थेतून येते. ते घेऊ नका असे मी म्हणत नाही, मीही घेतो. या वयोगटाला नव्या गोदामांत पहारा, मोजणी, माल तपासणी अशी बसून करायची कामे मिळावीत, यासाठी नव्या गोदाममालकांशी आत्ताच, डेपो चालू असतानाच, बोलणी करता येतील. कुलूप लागल्यावर आपल्या शब्दाला वजन राहत नाही.

प्रत्येक तालुक्याकडून मला पुढील बैठकीपूर्वी एक यादी हवी आहे. आपल्या भागात चालू असलेले डेपो कोणते, जागा स्वतःची की भाड्याची, पगारपत्रकावर किती, कंत्राटात किती, माथाडी मंडळात नोंद असलेले किती, नोंद नसलेले किती, आणि त्या फाटकावर पोट असलेले टपरीवाले व टेम्पोवाले किती. नावे मराठीत, आधार कार्डावर आहेत तशीच लिहावीत; आडनावातील एका अक्षराच्या फरकाने निधीचे दावे वर्षभर अडकतात. दुपारच्या सत्रात आपण बंदी भरपाईचा आणि उपदानाचा अर्ज प्रत्यक्ष भरून पाहणार आहोत. ज्यांनी आपल्या डेपोच्या जुन्या पगारचिठ्ठ्या आणल्या असतील, त्यांनी त्या जेवणापूर्वी व्यवस्थेतील बंधूंकडे द्याव्यात, म्हणजे त्यांवरूनच आकडेमोड करता येईल.